पंचगंगेच्या खोऱ्याचा हिशेब

इचलकरंजी पंचगंगेकाठी वाढली आणि आज पिण्याच्या पाण्यासाठी इतर नद्यांच्या दारी उभी आहे. पंचगंगेचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही म्हणून कृष्णेवरून, मजरेवाडीहून जलवाहिनी आणली गेली. ती गळू लागली, पुरेनाशी झाली, तेव्हा वारणेकडे नजर वळली. दानोळीच्या गावकऱ्यांनी ती योजना अडवली. मग दूधगंगेवरची सुळकूड योजना पुढे आली आणि दूधगंगाकाठची गावे रस्त्यावर उतरली. तिकडे कोल्हापूरनेही २०२३ मध्ये काळम्मावाडीहून थेट जलवाहिनीने दूधगंगेचेच पाणी शहरात आणले. एका नदीच्या काठावरची दोन मोठी शहरे त्या नदीला सांडपाणी देतात आणि पिण्याचे पाणी शेजारच्या नदीकडे मागतात. या वादाला शहर विरुद्ध गाव असे रूप दिले जाते. आम्हाला ते अपुरे वाटते. शहराची तहान खरी आहे आणि आपल्या शेताचे पाणी जाईल ही गावांची भीतीही खरी आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात उद्योग किती कमावतो, नदी किती गमावते आणि ती तूट कोण भरतो, याचा एकत्र हिशेब कोणी मांडलेला नाही, हे या भांडणाचे मूळ आहे.

प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत पंचगंगा जेमतेम ८० किलोमीटर वाहते. एवढ्या छोट्या अंतरात तिच्यावर किती भार पडतो, ते पाहावे. कोल्हापुरात जयंती आणि दुधाळी नाल्यांतून शहराचे सांडपाणी येते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे फौंड्री आणि मशीनशॉप आहेत. खोऱ्यात साखर कारखाने आहेत, त्यांची मळी आहे. पुढे इचलकरंजीत सायझिंग आणि प्रोसेसचे पाणी काळ्या ओढ्याने येऊन मिळते. नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे घालून पाणी अडवतात. उसाला ते पाणी हवेच असते. पण अडलेल्या पाण्यात घाणही अडते, उन्हाळ्यात जलपर्णी पसरते आणि तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी दरसाल येते. जो बंधारा शेतकऱ्याला जगवतो तोच नदीला साचवतो. सिंचनाचा अभ्यास एका खात्याने आणि प्रदूषणाचा दुसऱ्याने केला, तर ही गाठ दोघांनाही दिसत नाही.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. विठ्ठलराव दातारांचा उद्यम आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा आश्रय यांतून एका खेड्याचे वस्त्रनगर झाले. आज तिथे लाखाहून अधिक माग आहेत. हा उद्योग मोठ्या गिरणीचा नाही. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला आपल्या मागांवर ते मजुरीने विणून देतो. त्याची मजुरी पिकाला, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्याला, इतके पैसे अशी ठरते आणि त्यातूनच तो कामगाराची मजुरी, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता भागवतो. वहिफणीवाला, कांडीवाली, जॉबर, हमाल अशी हजारो घरे या पैशांत टिकून आहेत. पैशाच्या अपूर्णांकावर तंटे होणाऱ्या या धंद्यात सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कापडाच्या कोणत्या टप्प्यावर धरायचा? खर्चीवाल्याच्या मजुरीत तो बसत नाही. प्रोसेसवाला म्हणतो, भाव वाढवला तर माल बाहेर जाईल. व्यापारी म्हणतो, बाजार दर ठरवतो. कोणाच्याच हिशेबात न बसलेला खर्च नदीत जातो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. ती साथ मैल्याने दूषित झालेल्या पाण्याची होती, पण नदीवर ढकललेला खर्च शेवटी माणसेच भरतात, हे तिने दाखवले.

सायझिंगमध्ये सुताला खळ चढवतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. प्रोसेसमध्ये तीच खळ धुऊन काढावी लागते. ती पाण्यात गेली की सडताना पाण्यातला प्राणवायू खाते. पुढे विरंजन आणि रंगाई होते, त्यांत क्षार जातात. जिवाणूंच्या साहाय्याने चालणारे सामुदायिक शुद्धीकरण केंद्र खळीचा बराच बंदोबस्त करते, विरघळलेले क्षार मात्र तसेच पुढे जातात. खाली शिरोळ तालुक्यात हजारो एकर जमीन क्षारपड आहे. त्यात उसाला भरमसाट पाणी दिल्याचा वाटा आहे, निचरा नसल्याचा आहे, आणि वरून येणाऱ्या पाण्याचाही असणार. कोणाचा किती? शेतकरी कारखानदाराकडे बोट दाखवतो, कारखानदार उसाकडे. हा प्रश्न मोर्च्याने किंवा बैठकीने सुटणारा नाही. तो सोडवायला माती, पाणी आणि उत्पन्न यांच्या नोंदी एकाच माणसांनी, एकाच काळात, वरपासून खालपर्यंत घ्याव्या लागतील.

नुसते कारखाने बंद केले तर काय होते, हेही समजून घ्यावे. इचलकरंजीचे कोरे कापड पाली, बालोतरा, जेतपूर इथेही रंगाईला जाते. पालीला बांडी नदी आहे, बालोतऱ्याला लुनी, जेतपूरला भादर. कापड रंगवण्याची किंमत त्या नद्यांनीही चुकवली आहे. काळ्या ओढ्याचे पाणी उद्या निवळले आणि तेवढेच काम बांडीच्या काठावर गेले, तर आपण नदी वाचवली म्हणायचे की घाण राज्याबाहेर पाठवली म्हणायचे?

तिरुपूरचा अनुभव आपल्याला खूप शिकवू शकतो. होजिअरीच्या निर्यातीने ते शहर झपाट्याने वर आले आणि नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने भरली. शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात सिंचनाच्या पाण्याऐवजी रंगाईचे सांडपाणी साठले आणि हे पाणी सोडू नका, असे म्हणण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली. तिथे एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी घडली. मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी नदीखालच्या गावांत जाऊन शेती, पिण्याचे पाणी आणि मासेमारी यांच्या नुकसानीचा पैशांत अंदाज मांडला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व मान्य केले होते. त्या निकालातून उभ्या राहिलेल्या प्राधिकरणाने नोय्यलकाठच्या शेतकऱ्यांची भरपाई ठरवली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद केले आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट पाळणाऱ्यांनाच पुन्हा सुरू होता आले. यात कामगारांची होरपळ झाली, काही काम आसपासच्या जिल्ह्यांत सरकले. तिरुपूर आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिथे नुकसानीचा आकडा सर्वांच्या समोर होता, म्हणून भांडण भरपाईपर्यंत पोहोचले. पंचगंगेचे भांडण अजून आरोपाच्या पायरीवर आहे.

अशा अभ्यासाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करून त्याचा आर्थिक भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. कोण कोणता धंदा करतो, किती मिळवतो, कुठून आला, या साध्या प्रश्नांवर ते काम उभे होते. त्याच संस्थेच्या नी. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली, तिचे खंड १९४८ पासून बाहेर आले. म्हणजे याच खोऱ्यातल्या शहराची लोकसंख्या, उद्योग, मजुरी आणि संसार यांची नोंद सात दशकांपूर्वी झालेली आहे. पुढे वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये विभागांचा अनुशेष मोजला. तो रस्ते, सिंचन, शाळा, वीज यांचा होता. आणि धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीचा अहवाल २०११ मध्ये आला. वडिलांनी शहराचे अर्थकारण पाहिले, मुलाने डोंगराचे पर्यावरण पाहिले. पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी त्या डोंगरातूनच उतरतात आणि त्यांच्याच पाण्यावर खाली शहरांचा धंदा चालतो. दोन्ही अभ्यास एका खोऱ्यात एकत्र आणण्याचे काम त्या दोन पिढ्यांनंतर कोणी हाती घेतले नाही. आमच्या मते महाराष्ट्राच्या अर्थशास्त्राची ही मोठी उणीव आहे.

सरकारकडे आकडे नाहीत असे नाही. महापालिकांना दर वर्षी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल मांडावा लागतो, पण तो शहराच्या हद्दीवर थांबतो. उत्पन्न जिल्ह्याचे मोजले जाते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणी पाणी तपासते. उसाची आकडेवारी साखर आयुक्तालयात, काविळीची आरोग्य विभागात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने नदी खोऱ्यांची अभिकरणे नेमली, पण तो मान दिला धरणे आणि कालवे बांधणाऱ्या महामंडळांना. नदीची हद्द आणि कागदाची हद्द कुठेच जुळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यांतले सर्वाधिक, ५५, एकट्या महाराष्ट्रात होते. देशातल्या आघाडीच्या औद्योगिक राज्याने या आकड्याचा अर्थ शोधण्यासाठी एकही कायमस्वरूपी खोरेनिहाय अभ्यासकेंद्र उभारू नये, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अभ्यास म्हणजे वेळकाढूपणा, समित्या पुष्कळ झाल्या, आता कृती करा. पंचगंगेच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात याचिका झाल्या, विभागीय आयुक्तांची समिती झाली, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेही उपाय सुचवले. शहरांचे मैलापाणी शुद्ध करण्यासाठी आणखी कोणत्याही संशोधनाची गरज नाही. ते काम आजच व्हायला हवे आणि ते रखडवणाऱ्याला अभ्यासाची ढाल मिळता कामा नये. आम्ही बोलतो आहोत ते पुढच्या प्रश्नांबद्दल: एक मीटर कापडामागे किती पाणी लागते, शुद्धीकरणाचा खर्च मीटरला किती पडतो, तो व्यापाऱ्याने, प्रोसेसवाल्याने आणि सरकारने कसा वाटून घ्यावा, खर्चीवाल्यावर तो ढकलला जाणार नाही याची हमी काय, आणि दुसऱ्या खोऱ्यातून पाणी आणण्यापेक्षा आपलीच नदी पिण्याजोगी करणे स्वस्त पडेल का. हा शेवटचा प्रश्न तर सुळकूडच्या वादाआधीच विचारला जायला हवा होता.

माणसे जवळच आहेत. कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, इचलकरंजीत वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी नामांकित संस्था आहे, पुण्यात गोखले संस्था आहे. राज्य सरकारने या तिघांना एकत्र बसवून पंचगंगा खोऱ्याचे कायमचे अभ्यासकेंद्र सुरू करावे, त्याला दहा वर्षांच्या निधीची हमी द्यावी आणि त्याच्या नोंदी मराठीत, सर्वांना खुल्या ठेवाव्यात. यंत्रमागधारकांच्या संघटना, साखर कारखाने आणि नदीकाठच्या ग्रामपंचायती यांना त्याच्या नियामक मंडळावर जागा असावी, कारण आपल्या वहीतले आकडे माणूस विश्वासाशिवाय दाखवत नाही. पहिली पाहणी बरगे घालण्याच्या वेळी सुरू व्हावी आणि ते काढेपर्यंत, म्हणजे नदी सर्वांत अडलेली असते त्या महिन्यांत, दर आठवड्याला चालावी. तिचे पहिले निष्कर्ष सुळकूड योजनेवरच्या पुढच्या बैठकीत दूधगंगेच्या गावकऱ्यांपुढे आणि इचलकरंजीच्या नागरिकांपुढे एकाच वेळी ठेवले जावेत.