ओढ्याची वाट कोणीं अडविली ?

मावळच्या रयतेस पावसाचें नवल नाहीं. लोणावळ्यास २०२१ च्या आणि २०२४ च्या जुलैंत एकेका दिवसांत साडेतीनशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. म्हणजे पाऊण हात पाणी उभें राहिलें. असा पाऊस आपल्या आज्यापणज्यांनींही पाहिला आहे. पण त्या वेळीं डोंगराचें पाणी ओढ्यांत, ओढ्याचें खाचरांत आणि खाचरांचें इंद्रायणींत जात असे. बांधाबांधाला थांबून सावकाश उतरत असे. आतां बंगल्यासाठीं डोंगर कापतात, खाचरांत मुरुमाचा भराव घालतात आणि ओढा एका नळींत कोंबतात. मग पाणी वाट काढतें तें खालच्या कुणब्याच्या रोपांतून आणि कारागिराच्या घरांतून. बंगला वरच्याचा, गाळ खालच्याचा !

यावर अंमलदारांची तजवीज काय ? पाऊस आला कीं शाळा बंद, रस्ते बंद आणि धोक्याची पाटी. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जणें वाहून गेलीं. त्यानंतर धरणापाशीं मक्याचीं कणसें आणि चहा विकणारांच्या टपऱ्या लागलीच उठविल्या गेल्या. जीव वांचावे म्हणून टपरी हलवावी लागली, तर आमची हरकत नाहीं. पण ही चपळाई सर्वांसाठीं सारखी असते काय ?

त्याच २०२४ च्या जुलैंत, याच इंद्रायणीच्या कांठीं खालीं चिखलीस निळ्या पूररेषेच्या आंत बांधलेले ३६ बंगले पाडावे, असा हुकूम हरित लवादानें दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि बंगले पडले ते १७ मे २०२५ रोजीं. टपरीस दिवस पुरले, बंगल्यास दहा महिने लागले. निळी रेषा म्हणजे सुमारें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची हद्द. ती भिंती उभ्या राहिल्यावर दिसावी, पायाच्या वेळीं दिसूं नये, हें कसें ? घेणारांचा जन्माचा पैसा मातींत गेला. अशी पाडापाड मावळांत व्हावी, असें आम्हीं म्हणत नाहीं. ती करण्याची पाळीच येऊं नये, असें म्हणतों.

शहरांत नगरपरिषद परवाना देते. मावळच्या बहुतेक खेड्यांत तो अधिकार २०१५ सालीं स्थापलेल्या पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला. गटार उपसण्याचें काम मात्र ग्रामपंचायतीच्या गळ्यांत ! परवाना देणाराच्या दारीं गाळ येत नाहीं, म्हणून त्याला ओढा दिसत नाहीं.

तर बंधूंनो, चिखल झाल्यावर चावडीवर ओरडून काय होणार ? गांवनकाशावर ओढे दाखविलेले असतात. तो नकाशा ग्रामसभेंत मागा, मोठ्यानें वाचून घ्या. कोणता ओढा बुजला, कोठें भराव पडला, तें इतिवृत्तांत लिहवून घ्या आणि त्याची नक्कल प्राधिकरणाकडे धाडून पोंच घ्या. नव्या बांधकामाचा परवाना निघण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारा : तुमच्या छपराचें आणि अंगणाचें पाणी कोणाच्या शेतांतून जाणार ? उत्तर लेखी मिळेपर्यंत हटूं नका. आपल्यांतला कोणी भराव घालीत असेल, तर त्यालाही हाच प्रश्न करा. पाणी जात पाहत नाहीं, सातबाराही पाहत नाहीं; तें उतार पाहतें.