बोताचा व्यापार आणि वकिताचा बळी

मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात, आणि जगात फक्त तेथेच, वकिता हा डॉल्फिनसारखा लहानसा सस्तन प्राणी राहतो. १९९७ च्या पाहणीत त्यांची संख्या साडेपाचशेच्या वर होती; आज दहाच्या आसपास उरली आहे. गंमत अशी की, वकिताला बाजारात गिऱ्हाईकच नाही. तो मरतो तोतोआबा माशासाठी लावलेल्या जाळ्यांत गुदमरून. तोतोआबा आपल्या घोळीच्याच कुळातला. त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीला, म्हणजे कोळी ज्याला बोत म्हणतात त्याला, चीनमध्ये सोन्यासारखा भाव येतो. चीनच्या किनाऱ्यावरचा तशाच जातीचा मासा संपत आला, तेव्हा भांडवलाने महासागर ओलांडला. मासा जितका दुर्मीळ, तितकी त्याची किंमत चढी आणि शिकार अधिक नेटाची. मागणी-पुरवठ्याच्या समतोलाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे गणित सोडवून दाखवावे!

तोतोआबाच्या मासेमारीवर मेक्सिकोने १९७५ सालीच बंदी घातली. २०१५ मध्ये वकिताच्या टापूत जाळ्यांनाही मनाई झाली आणि भरपाई जाहीर झाली. पण ती मुख्यतः परवानाधारक होडीमालकांच्या पदरात पडली. होडीवर राबणारे खलाशी बव्हंशी कोरडेच राहिले. रोजगार गेलेल्या खलाशाने तस्कराचा पैसा नाकारावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

बंदी हवीच. मात्र वकिता अडकणार नाही अशी जाळी आणि त्यामुळे घटणाऱ्या मिळकतीची भरपाई सरकारने थेट खलाशाच्या हाती दिली पाहिजे, आणि कायद्याचा बडगा होडीच्याही आधी बोत परदेशी धाडणाऱ्या दलालांवर उगारला पाहिजे.