पणजीचे नाव

तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हांस कदाचित सांगता येईल, पण पणजीचे? बहुतेकांची जीभ येथे अडखळेल.

इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांची कथा, असे अनेकांस वाटते. मला ते पटत नाही. प्रत्येक घराला इतिहास असतो आणि तो शोधता येतो. शाळेच्या जुन्या नोंदवहीत आजोबांची जन्मतारीख सापडते. कोतवाल बुकात गावातील जन्ममृत्यू नोंदलेले असतात. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफारावरून शेत कोणाकडून कोणाकडे आले, हे कळते. एखाद्या कागदावर ‘पश्चिम खानदेश’ असे दिसले, तर गोंधळू नका. 1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. त्यांतील पश्चिमेकडील म्हणजे आजचे धुळे व नंदुरबार.

मात्र कागद जपले, तरच ते बोलतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळविली. 1926 साली धुळ्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही आहे. आपण मात्र माळ्यावरचे मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालतो!

हा शोध कुळाची बढाई मारण्यासाठी नसावा. ज्यांच्या कष्टांवर आपण उभे आहोत, त्यांची ओळख व्हावी, एवढ्यासाठीच तो करावा. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. म्हणून आज घरी गेल्यावर आजीला तिच्या आईचे नाव विचारा आणि ते वहीत लिहून ठेवा. ते नाव कदाचित दुसऱ्या कोणत्याही कागदावर नसेल.