शेवटून दुसरे षटक

नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर २३ सप्टेंबर २०२२ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात फक्त आठ-आठ षटकांचा सामना झाला. मैदान ओले होते, त्यामुळे खेळ उशिरा सुरू झाला. पाठीच्या दुखण्यातून सावरलेला जसप्रीत बुमराह त्या दिवशी संघात परतला आणि त्याने असा यॉर्कर टाकला की त्रिफळा उडालेल्या आरॉन फिंचनेही दाद दिली. दोन दिवसांनी बुमराह हैदराबादला खेळला. ३ ऑक्टोबरला तो ट्वेंटी-२० विश्वचषकातून बाहेर पडल्याचे मंडळाने जाहीर केले. त्यानंतर तो भारतासाठी पुन्हा खेळला, तो थेट १८ ऑगस्ट २०२३ रोजी, डब्लिनला. मधल्या काळात न्यूझीलंडमध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली.

आठ षटकांचा सामना आपल्या वाचकांना नवा नाही. आचऱ्यापासून देवबागपर्यंतच्या किनाऱ्यावर टेनिस चेंडूचे सामने सहा-आठ षटकांतच आटोपतात. प्रत्येक संघात एक जण असा असतो, ज्याची षटके कर्णधार शेवटासाठी राखून ठेवतो. तो खांदा धरून बसला, किंवा चाकरमानी असेल तर त्याची रजा रद्द झाली, की संघाची झोप उडते. पहिला फोन बाहेरगावच्या एखाद्या नावाजलेल्या गोलंदाजाला जातो. तो मिळाला नाही, तर संघातल्या सर्वांत चांगल्या उरलेल्या गोलंदाजाच्या हाती शेवटचे षटक सोपवले जाते आणि प्रश्न सुटला असे सगळे मानतात. प्रश्न तिथे सुटत नाही. शेवटचे षटक भरले जाते, पण शेवटून दुसरे उघडे पडते, आणि सामना बहुधा तिथेच हातचा जातो. प्रशिक्षकांनी आणि कर्णधारांनी या मोसमात लक्ष घालावे ते याच षटकात.

बुमराहविना गेलेला २०२२चा आशिया चषक याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. पाकिस्तानला दोन षटकांत २६ धावा हव्या होत्या. एकोणिसाव्या षटकात भुवनेश्वर कुमारला १९ धावा पडल्या. अर्शदीप सिंगच्या वाट्याला शेवटच्या षटकात राखायला फक्त सात धावा उरल्या, तरी त्याने सामना पाचव्या चेंडूपर्यंत नेला. दोन दिवसांनी श्रीलंकेला दोन षटकांत २१ हव्या होत्या. एकोणिसाव्यात १४ गेल्या, अर्शदीपकडे पुन्हा सात धावा आणि पुन्हा पाचव्या चेंडूपर्यंत झुंज. मग मोहालीत ऑस्ट्रेलियाला १८ हव्या असताना एकोणिसाव्यात १६ गेल्या आणि शेवटच्या षटकाला काही अर्थच उरला नाही. भुवनेश्वर हा नव्या चेंडूचा कसबी गोलंदाज, आणि एकेकाळी शेवटच्या षटकांतही त्याचा दबदबा होता. त्याला दोष देऊन चालणार नाही. बुमराह गेल्यावर संघाने शेवटचे षटक एका तरुणाकडे दिले आणि त्याने ते खरोखर चांगले सांभाळले. पण त्याच्या आधीचे षटक कोणाचे, याचा विचार तितका झाला नाही. सलामीला स्विंग करणाऱ्या माणसाला तिथे पुन्हापुन्हा उभे केले गेले.

उलट चित्र पाहायचे तर २९ जून २०२४चा ब्रिजटाऊनचा अंतिम सामना आठवा. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. बुमराहने सोळावे आणि अठरावे षटक टाकले, आणि त्या दोन्हींत मिळून सहा धावा दिल्या. त्याचे काम अठराव्या षटकातच संपले होते. एकोणिसावे अर्शदीपने चार धावांत टाकले. विसावे हार्दिक पंड्याने टाकले, तेव्हा राखायला १६ धावा होत्या. जगातला सर्वांत भरवशाचा गोलंदाज हाताशी असताना कर्णधार रोहित शर्माने त्याला शेवटच्या षटकासाठी अडकवून ठेवले नाही. दाब जिथे सर्वांत जास्त होता, तिथे त्याला वापरले. शेवटी कोण टाकतो हे मोठे की सामना ज्या वेळी कलतो त्या वेळी कोण टाकतो हे मोठे, याचे उत्तर त्या पाच षटकांत आहे.

बेसबॉलमध्ये या प्रश्नावर आपल्यापेक्षा खूप जास्त विचार झालेला आहे. तिथे नऊ डाव असतात. सुरुवातीचा पिचर थकला की मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाच्या कुंपणात तयार होत असलेले राखीव पिचर एकेक करून येतात. नववा डाव ‘क्लोजर’चा. एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे क्रम चुकला तर दुरुस्तीला वाव नसतो. न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा हा या खेळातला सर्वश्रेष्ठ क्लोजर. ३ मे २०१२ रोजी कॅन्सस सिटीत सामन्याआधीच्या सरावात उंच चेंडू झेलताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि तो मोसम त्याच्यासाठी संपला. तो तेव्हा ४२ वर्षांचा होता.

यांकीजनी आधी डेव्हिड रॉबर्टसनला नववा डाव दिला. आठव्या डावाचा त्यांचा हुकमी माणूस तो. काही दिवसांतच रॉबर्टसनही बरगडीजवळच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला. मग रफाएल सोरियानोकडे जबाबदारी आली. तो २०१० मध्ये टँपा बे संघाचा क्लोजर होता, ४५ सामने त्याने राखून दिले होते, म्हणजे या कामाची त्याला सवय होती. पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे. रॉबर्टसन बरा होऊन परतला तेव्हा नववा डाव त्याला परत दिला गेला नाही. तो आपल्या जुन्या जागी, आठव्या डावात, राहिला. सोरियानोने ४२ सामने राखले, यांकीजनी ९५ सामने जिंकून आपला गट जिंकला, आणि पुढच्या वर्षी परतलेल्या रिव्हेराने ४३व्या वर्षी ४४ सामने राखून निवृत्ती घेतली. एक माणूस गेला तर एकाच माणसाची जागा बदलायची आणि शेवटून दुसरी जागा शक्यतो हलवायची नाही, असे त्यांनी ठरवले होते की तसे घडत गेले, यावर वाद घालता येईल. परिणाम मात्र समोर आहे.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मुंबई इंडियन्सच्या २०२३च्या मोसमाची. बुमराह पूर्ण मोसम नव्हता, आणि त्याच्या जोडीला आणलेला जोफ्रा आर्चरही पाच सामने खेळून मायदेशी परतला. १८ एप्रिलला हैदराबादमध्ये यजमानांना दोन षटकांत २४ धावा हव्या होत्या. कॅमेरॉन ग्रीनने एकोणिसाव्या षटकात अवघ्या चार दिल्या. त्यामुळेच तेव्हा गोव्याकडून रणजी खेळणाऱ्या अर्जुन तेंडुलकरला शेवटच्या षटकात २० धावा राखायला मिळाल्या. त्याने त्या राखल्या आणि आयपीएलमधला पहिला बळीही मिळवला. चारच दिवसांनी वानखेडेवर पंजाबविरुद्ध त्याच अर्जुनला सोळावे षटक मिळाले आणि त्यात ३१ धावा गेल्या. पंजाबने शेवटच्या पाच षटकांत ९६ धावा कुटल्या आणि मुंबई १३ धावांनी हरली. गोलंदाज तोच होता. पहिल्या दिवशी त्याच्या आधीच्या षटकाने त्याच्यासाठी जागा करून दिली होती. दुसऱ्या दिवशी जमलेले फलंदाज समोर असताना त्याला एकट्याला उभे राहावे लागले. तरुण गोलंदाज ‘दबावात ढासळला’ असे आपण किती सहज म्हणून टाकतो! त्याच्या आधी कोणी काय टाकले, हे निदान प्रशिक्षकाने तरी पाहायला हवे.

त्यानंतर मुंबईला २०७, २१२ आणि २१४ अशा धावा लागोपाठ तीन सामन्यांत पडल्या. फलंदाजांनी त्यातले दोन सामने काढून दिले म्हणून आब राहिली. ३ मे रोजी मोहालीत आकाश मधवाल पहिल्यांदा मैदानात उतरला. हा रुडकीचा अभियंता, आणि अगदी मोठा होईपर्यंत टेनिस चेंडूवरच खेळलेला. आपल्या वाचकांनी त्याचे नाव भिंतीवर लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते. २४ मे रोजी चेपॉकवर लखनऊविरुद्धच्या बाद फेरीत त्याने ३.३ षटकांत पाच धावांत पाच बळी घेतले. आठ सामन्यांत त्याचे १४ बळी झाले. मुंबईला हा माणूस दुखापतीनंतर सापडला नव्हता. तो आदल्या मोसमापासून संघाबरोबर होता, नेटमध्ये टाकत होता, सगळे पाहत होता. त्याला बोलावण्यात उशीर झाला, एवढेच म्हणता येईल.

बदली माणूस त्याच जातीचा असावा लागत नाही, हेही सांगायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत बुमराहची पाठ पुन्हा दुखावली आणि तो चॅम्पियन्स करंडकाला मुकला. संघात त्याच्या जागी दुसरा वेगवान गोलंदाज आला खरा, पण दुबईत सामने जिंकून दिले ते फिरकीने. ऐनवेळी संघात घेतलेल्या वरुण चक्रवर्तीने २ मार्चला न्यूझीलंडविरुद्ध ४२ धावांत पाच बळी घेतले आणि ९ मार्चला भारत विजेता झाला. आपल्या संघात यॉर्करवाला गेला तर यॉर्करवालाच शोधत बसू नका. संथ, खाली राहणारा चेंडू टाकणारा गोलंदाज छोट्या मैदानावर शेवटून दुसऱ्या षटकात जास्त अवघड जातो, हे आपण सर्वांनीच पाहिलेले आहे.

हे तोंडवलीत बसून लिहितो आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथला वेगवान गोलंदाज सकाळी रापण ओढायला दोरीला लागलेला असतो, दुपारी होडी वर घ्यायला हात देतो आणि रात्री प्रकाशझोतात दोन सामने खेळतो. आपण त्याची षटके मोजतो, दोरी मोजत नाही. मुंबईच्या अकादमीतला तक्ता त्याला लावून उपयोग नाही. टेनिस चेंडू हलका असतो आणि त्याला वेग देण्यासाठी आपली बरीच मुले पाठीपेक्षा खांदा आणि कोपरच जास्त वापरतात. म्हणून प्रत्येक प्रशिक्षकाने सामन्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: आज सकाळी काय ओढलेस, आणि काल रात्री किती टाकलेस? उत्तर ऐकून त्या रात्रीचा क्रम ठरवावा.

बुलपेनची खरी देणगी कुंपण नव्हे, तयारी आहे. तिथे पिचरला आधी कळवले जाते, तो अंग गरम करतो, चेंडू टाकून पाहतो, मगच मैदानात येतो. आपल्याकडे मुलगा पाच षटके सीमारेषेवर गार वाऱ्यात उभा असतो आणि अचानक त्याला हाक येते, ‘तू टाक’. पहिला चेंडू वाइड, दुसरा फुलटॉस. मग प्रेक्षक त्याच्या आईवडिलांचा उद्धार करतात. डाव सुरू व्हायच्या आधी शेवटच्या दोन षटकांचे गोलंदाज ठरवावेत आणि त्यांना तसे सांगावे. दोन षटके आधी त्यांना मिड-ऑफ किंवा मिड-ऑनला आणावे, खांदा फिरवायला लावावा, चेंडू हातात द्यावा. दव पडले असेल तर सरावातही चेंडू बादलीत बुडवून टाकायला लावावा. वाऱ्याकडेही पाहावे. संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्र चढली की मतलई वारे जमिनीकडून सुटतात. उपान्त्य फेरीत ज्या टोकाकडून गोलंदाजाला वारा मदत करत होता, तेच टोक मध्यरात्रीच्या अंतिम सामन्यात त्याच्या विरोधात जाऊ शकते.

गेलेला माणूस फक्त षटके घेऊन जात नाही. २१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्‌सवर श्रीरामपूरचा झहीर खान १३.३ षटके टाकून मांडीमागच्या स्नायूने बाहेर गेला. प्रवीण कुमारने जिवाचे रान करून पाच बळी घेतले, धोनीने ग्लोव्हज द्रविडला देऊन स्वतः गोलंदाजी केली, तरी इंग्लंडने ४७४ केल्या आणि मालिका ४-० अशी गेली. झहीर मिड-ऑफला उभा राहून तरुण गोलंदाजांना प्रत्येक चेंडूमागे काही ना काही सांगत असे. तो आवाजही त्या दिवशी मैदानाबाहेर गेला. म्हणून दुखावलेल्या गोलंदाजाला घरी बसवू नका. त्याला संघाच्या बाकावर आणा, त्याच्या जागी टाकणाऱ्या मुलाशी दोन षटकांच्या मधे बोलू द्या.

मात्र त्याला अंतिम सामन्यासाठी म्हणून इंजेक्शन देऊन उभा करणे ताबडतोब थांबले पाहिजे. बक्षिसाची रक्कम आणि गावाची इभ्रत यांच्या नादात चांगले खांदे आपण कायमचे गमावले आहेत. बरा झालेला गोलंदाज आधी सरावात सलग दोन दिवस पूर्ण वेगाने टाकून दाखवेल, मग साखळी सामन्यात एक षटक टाकेल, आणि त्यानंतरच शेवटच्या षटकांचा विचार होईल. त्याआधी नाही.

आयोजकांनाही विनंती आहे. एकाच रात्री एका संघाचे लागोपाठ दोन सामने ठेवू नका, आणि मैदानावर बर्फ व पट्ट्या तयार ठेवा. प्रशिक्षकांनी या मोसमाच्या पहिल्या साखळी सामन्यापासून वही घालावी. शेवटून दुसरे षटक कोणी टाकले, समोर किती धावा हव्या होत्या, किती गेल्या, त्या दिवशी त्याने आधी काय काम केले होते, एवढे चार रकाने पुरेत. साखळीतल्या निदान एका सामन्यात तुमचा हुकमी गोलंदाज मुद्दाम लवकर संपवा आणि शेवटची दोन षटके दुसऱ्या जोडीकडे द्या. सामना हरलात तरी चालेल. मे महिना संपण्याआधी या नोंदी आमच्याकडे पाठवा. आलेल्या सर्व वह्यांतील नोंदी पावसाळी अंकात एकत्र छापू.