मडके वाजवून घ्यावे

बकेटहेड हा अमेरिकन गिटारवादक डोक्यावर बादली आणि चेहऱ्यावर पांढरा मुखवटा घालून वाजवतो. २०११ पासून त्याने 'पाइक' ही मालिका सुरू केली. एकट्या २०१५ सालात तिचे ११८ अल्बम निघाले. शिवाय 'प्रॅक्सिस' हा बँड, आणि स्वतःच्याच नावाची इंग्रजी अक्षरे फिरवून केलेल्या 'डेथ क्यूब के' या नावाने आणखी निराळे काम!

आमच्या वसतिगृहात यावरून रोज वाद. एक पक्ष म्हणतो, हा कलेचा कारखाना. दुसरा, कोणी किती अल्बम ऐकले ते मोजतो आणि कमी ऐकणाऱ्याला 'तुला काय कळते' म्हणतो. घरातून पहिलाच कॉलेजात आलेल्या मला हे वाक्य ओळखीचे आहे.

माझे वडील कुंभार. उन्हाळ्यात माठ, दिवाळीला पणत्या. आव्यातून सगळीच मडकी सारखी निघत नाहीत. पण हात बसतो तो रोजच्या मडक्यांनीच. त्याला कारखाना कसे म्हणावे?

'कोल्मा' हा १९९८ चा अल्बम बकेटहेडने आजारी आईला ऐकता यावा म्हणून केला. तो संथ, हळुवार आहे. ऐकताना मला एकही आकडा आठवला नाही.

मित्रहो, ढीग मोजू नका. एक मडके उचला, वाजवून पाहा!