मांजराच्या वाटीत काय?

मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. तिने त्याला खायला दिले नाही, आणि भक्ष्य शोधायला सोडलेही नाही. हा दुसरा भाग आपण विसरतो. दिंडोरीतल्या मळ्यावरचे मोकळे मांजर उंदीर धरून खाते. दाराआड पाळलेले मात्र आपल्या वाटीवरच जगते. त्याला रोज दूध-पोळी घालणे म्हणजे पोट भरून उपाशी ठेवणे होय. मांजर मांसाहारी प्राणी. मांसातले टॉरिन मिळाले नाही तर त्याची दृष्टी जाऊ शकते, हृदय दुबळे होते. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही. कांदा-लसणाचा रस्सा तर विषच. बिनमसाल्याचे, हाडे काढलेले उकडलेले चिकन चांगले, पण नुसत्या त्यावरही भागत नाही. सोबत मांजरासाठीचा संपूर्ण आहार हवा. कोंडले आपण, तर त्याच्या शिकारीची जबाबदारीही आपलीच.