ही निष्ठा कोणाची?

फिरत्या कलावंतांच्या आठवणी नि चरित्रे आपल्या सुशिक्षित घरांत आवडीने वाचली जातात. पाश्चात्त्य रॉक-बँडांच्या भ्रमंतीची पुस्तके असोत, की चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ असो. मुक्काम, जागरणे, कर्जे यांत वाचक रमतो. त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती वाचनाच्या एका भाबड्या रीतीस.

योगीराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ या ग्रंथात विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे चरित्र सांगितले आहे. दिवस भरलेले असता विठाबाई खेळात नाचत होत्या. वेणा येताच मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. ती ऐकून रसिक गहिवरतात व म्हणतात, “काय ही कलानिष्ठा!”

आम्ही विचारतो, खेळ मोडला तर त्या रात्रीची कमाई बुडते, आणि तीवर सोंगाड्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत साऱ्यांच्या चुली पेटावयाच्या. अशा वेळी जिच्या नावावर फड चालतो, तिला रजा देणार कोण?

निदान बीड जिल्ह्यातील वाचकांस तरी हे समजावून सांगावे लागू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील सहस्रावधी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. तमाशाचा तो फड, तसा उसाचाही फडच! तेथे पोटुशी बाई मोळ्या वाहते. खाडा पडला तर मजुरी कापली जाते. या धास्तीपायी कित्येकींनी गर्भाशय काढून घेतल्याचा बोभाटा २०१९ साली झाला, तेव्हा शासनास चौकशी समिती नेमावी लागली. या बायांना ‘ऊसनिष्ठ’ म्हणण्याचे धाडस अद्याप कोणा रसिकास झालेले नाही!

कला आणि मजुरी एक नव्हे, असा आक्षेप येईल. विठाबाईंचे कलेवरील प्रेम आम्हीही नाकारीत नाही. परंतु त्या प्रेमाची साक्ष म्हणून बाळंतिणीच्या यातना पुढे करणे, ही रसिकता नव्हे. प्रेक्षकांनी नंतर हात जोडून खेळ थांबविला, असेही सांगतात. ते हात बाळंतपणाआधी का जोडले गेले नाहीत?

विठाबाईंचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. त्यांच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार २००६ मध्ये सुरू झाला. पुरस्कार अवश्य द्यावेत. तथापि फिरतीवरच्या बाईस, मग ती कोणत्याही फडातली असो, बाळंतपणाची भरपगारी रजा मिळेपर्यंत ‘कलानिष्ठा’ हा शब्द आपण जपून उच्चारावा, हे बरे.